उंबऱ्यातली पाच भोकं

मुकुंदरावांनी वहिनींच्या तळहातावर वाळवीने खाल्लेला लाकडाचा तुकडा ठेवला.

"मधल्या दाराच्या फणसाच्या चौकटीचा आहे. आता ते बुजवायलाच हवं."

तुकडा चौकटीचा नव्हता. पापनाशम् रस्त्यावरच्या ज्या सॉ मिलमध्ये त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली, तिथल्या ढिगातून उचललेला होता.

सुब्बलक्ष्मी वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. मधलं दार कुणी उघडत नसे, दोन्हीकडे जायला-यायला बाहेरून वेगळी वाट होती. पण त्या बंद दारातून वहिनींचा आवाज दिवसभर येई. मुकुंदा, कॉफी झाली का? मुकुंदा, आज सांबार कशाचं? डोळे अधू झाल्यापासून बोलणं आणखी वाढलं होतं. मुकुंदरावांना निवृत्तीनंतर फक्त शांतता हवी होती, आणि तोंडावर तसं सांगवत नव्हतं.

"बिचाऱ्या फणसाला कशाला वाळवी लावता?" त्यांची बायको कामाक्षी म्हणाली. "खरं काय ते सांगून टाका."

त्यांनी सांगितलं नाही. काम मात्र चोख केलं. कवाड उतरवलं. उंबऱ्यात पाच स्क्रू मारून पत्र्याची पट्टी बसवली, तिच्यावर सोळा-सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या, मध्ये आवाज अडवायला ग्लासवूल ठासून, दोन्ही अंगांना जिप्सम बोर्ड. सांध्यांवर टेप, पुट्टीचे तीन हात, घासणं, रंग. चार दिवस लागले. बॅटरी तिरपी धरून पाहिलं तरी सांधा सापडेना.

आवाज थांबला. तीन आठवडे मुकुंदराव दुपारचे निवांत झोपले.

चौथ्या शुक्रवारी रंग कसा बसलाय ते बघायला ते वहिनींच्या बाजूला गेले. वहिनी बुजवलेल्या दाराशी उकिडव्या बसून वाटीतली ओली हळद बोटांनी बोर्डाच्या खालच्या कडेला लावत होत्या. कड फुगली होती, वरचा कागद सुटला होता.

"वहिनी, याला पाणी चालत नाही."

"उंबरा आत गेला ना. म्हणून बाहेरून लावते. या घरात आल्यापासून एक शुक्रवार चुकलेला नाही."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" वहिनींनी बोटं फडक्याला पुसली. "वाळवी नव्हती, मुकुंदा. दर शुक्रवारी त्या लाकडावरून माझा हात फिरायचा. आणि तू दिलास तो आंब्याचा तुकडा. फणस हाताला असा लागतो होय?"

मुकुंदरावांनी फुगलेली कड अंगठ्याने दाबून पाहिली. उभ्या आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाला पाव इंच लाकूड कमी कापून दिलं नव्हतं. चांगल्या लाकडाला किडकं म्हटलं नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"करवतीच्या आवाजात जन्म गेला तुझा. गप्प बसायचं मलाच कळायला हवं होतं."

तसं काही नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण तसंच होतं.

"तुमचा आवाज नको होता म्हणून बुजवलं," ते म्हणाले. "लाकूड ठणठणीत आहे. उद्या सगळं काढतो."

"सगळं नको. दुपारचा झोपतोस. उंबरा तेवढा मोकळा कर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडून खालचे नऊ इंच कापले. कापलेल्या कडेखाली नवी पट्टी बसवली. उंबऱ्यावरची जुनी पट्टी स्क्रूंसकट काढली. पाच भोकं राहिली. सॉ मिलमधून फणसाचा तुकडा आणला, पाच खुंट्या तासल्या, सरस लावून ठोकल्या आणि रंध्याने उंबऱ्याशी सपाट केल्या. अख्खी सकाळ त्यात गेली.

शुक्रवारी ते आपल्या बाजूला जमिनीवर बसून होते. फटीतून हळद लावणारी बोटं दिसत होती. ती एकदा थांबली, मग दर वितीवर थांबत गेली.

"चांगली बुजवलीस," पलीकडून वहिनी म्हणाल्या.

"समजतात?"

"हाताला लागतात."

हळद वाळल्यावर मुकुंदरावांनी तेवढी पाच ठिकाणं बारीक पॉलिशपेपरने घासली. पुढच्या शुक्रवारी बोटं पुन्हा तिथेच थांबली.

एवढं होऊनही वहिनींनी एकदाही कॉफीचं विचारलं नव्हतं. मुकुंदराव वाकले, तोंड फटीजवळ नेलं.

"वहिनी, कॉफी झाली का?"

"झाली," आतून आलं. "तू पड जरा."