पायाखालचा डबा

विट्याच्या स्टँडवर आईनं माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी दिली आणि म्हणाली, "चटणी संपली म्हनून गावाकडं यायचं न्हाई. काम संपलं म्हनून यायचं." दहावीचा निकाल लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. तात्या, म्हणजे माझे वडील, जत्रेसाठी महिनाभर गावी आले होते, आता परत निघाले होते आणि मला बरोबर नेत होते. आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. मला वाटलं रडेल. तिनं उलट मला झापलं, की पिशवी उभी धर, तेल गळतंय.

हे मी लिहितोय ते गावात राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि पंजाबात, केरळात, बंगालात भट्ट्या लावून बसलेल्या आपल्या पोरांसाठी. तुम्हाला आपला गलाईचा धंदा सांगायची गरज नाही. पण माझी पोरगी तमिळ शाळेत शिकलीय, अडखळत का होईना हे वाचेल. तिच्यासाठी सांगतो. सोनारांचे मोडके दागिने, कानशीचा कीस, दुकानातला केर, सगळं जाळून, तेजाबात, म्हणजे जहाल ॲसिडात, घालून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. तात्यांनी कोइमतूरला तीस वर्षं तेच केलं. मीही तेच करतो.

एसटीत तात्या मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "तेजाबाचा तांबडा धूर गिळला की बरं वाटतंय म्हनून बसायचं न्हाई. त्यो सकाळी आत जातो आनि संध्याकाळी मारतो. तडक दवाखाना गाठायचा." त्यांच्या गल्लीतला एक कामगार धूर गिळून हसत डबा खायला बसला होता आणि दुसऱ्या दिवशी उठलाच नव्हता. मी पंधरा वर्षांचा. मला तेव्हा खिडकीतून बाहेर बघायचं होतं.

कोइमतूरला पहिल्याच आठवड्यात मी राखेची पाटी डोक्यावर घेऊन गल्लीत उभा होतो आणि समोरून ती आली. लाल, बुटकी, दोन दारांची जपानी गाडी. तिन्हीसांजेची वेळ होती. पेढीसमोर थांबली आणि तिच्या बॉनेटमधून दोन दिवे वर उघडले. डोळे झाकलेलं जनावर जागं व्हावं तसे. मी पाटी घेऊन बघतच राहिलो. तात्यांनी मागून टपली मारली. "दोन मानसांची गाडी हाय ती. घरचं कुठं बसनार?"

पुढं बऱ्याच वर्षांनी तीच गाडी मला सेल्वमच्या गॅरेजात ताडपत्रीखाली सापडली. सेल्वम आमच्या गल्लीमागचा मेकॅनिक. मालक गेला होता, त्याच्या पोरांना ती नको होती. मी घेतली. लोक म्हणाले, मराठी शेटचं डोकं फिरलं. फिरलंच होतं! रबरी पाइप कडक झालेले, क्लच हातभर खाली जायचा, आणि डावा डोळा लहर लागेल तेव्हा उघडायचा. नाहीतर खाली उतरून बॉनेटमध्ये हात घालून तो हातानं फिरवायचा. माझी बायको तिला "तुमची सासू" म्हणते, कारण तिचे रुसवे काढण्यात माझे रविवार जातात. खरंय. असल्या गाडीचं एक काम काढलं की खालून दोन निघतात. पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू वितळवणारा माणूस. एक तरी वस्तू आपल्या हातानं टिकवावी असं वाटतं हो.

तिचं खरं दुखणं होतं तिच्या डोक्यात. डाव्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी, एक पत्र्याचा डबा असतो. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते तो ठरवतो. तीस वर्षांनी त्यातले बारीक भाग पाझरायला लागतात, आणि सुकट कुजल्यासारखा वास येतो. डबा तापला की इंजिन मधेच गप्प. सेल्वमनं जपानमधल्या भंगारातल्या गाडीचा एक डबा शोधून काढला. पार्सल यायला अख्खा उन्हाळा गेला, आणि आलं ते नेमकं मी गावाला निघायच्या आदल्या दिवशी. सेल्वम बहिणीच्या गावी देवळाच्या उत्सवाला. मी पार्सल तसंच डिकीत टाकलं.

निघालो होतो आईच्या वर्षश्राद्धाला. आणि तात्यांना घेऊन यायला. आई गेल्यापासून ते एकटे. शेजारचा हणमंतनाना आणि त्याची बायको भाकरी द्यायचे. फोनवर विषय काढला की तात्या म्हणायचे, "तिथं तीस वर्सं काढली ती हितं यायसाठी. आता उलटा कशाला जाऊ?" बसनं गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मला तात्यांना गाडी दाखवायची होती. खरं सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं. हुबळीच्या पुढं गाडी दोनदा बंद पडली. घाटात तर मी देवाचं नाव घेतलं, आणि मी काही देवभोळा नाही.

श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, नवा डबा आपणच बसवू. सोप्यात बसून त्याचं झाकण काढलं, आतली सर्किटची हिरवी पट्टी बाहेर घेतली आणि तिच्यावरचे नंबर जुळवून बघितले. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणायला हणमंतनानाची मोटरसायकल घेऊन विट्याला गेलो. जाताना ती पट्टी समोरच्या पाटावर ठेवली. धूळ लागू नये म्हणून.

आता गलाईवाल्यांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडं माल उघडून पाटावर ठेवला म्हणजे तो गाळायला दिला. गिऱ्हाइकानं तोंडानं सांगायची गरज नसते. कोइमतूरला मी दिवसातून दहा वेळा ते करतो. पण गावच्या घरात माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी परत आलो तर पाटावर पट्टी नव्हती आणि तात्या ओट्यावर बसलेले. पुढ्यात काचेची वाटी, तिच्या तळाला सोन्याचा एवढासा कपटा. "जपानी माल बरा आस्तोय," म्हणाले. "पिनांला सोन्याचं चांगलं पानी दिलंय." चेहरा कसा खुलला होता! आई गेल्यापासून मी तसा बघितला नव्हता.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "म्हातारपणी अक्कलबी गाळून बसलाय का?" असंही म्हणालो. बापाला.  तात्या हळूच म्हणाले, "तूच पाटावर ठिवलंतास की रं. उघडून."

आणि खोकले.

तो खोकला ऐकून मी आतल्या खोलीत गेलो. वाऱ्यानं धूळ येते म्हणून खिडकी लावलेली. तात्यांनी धंद्यातून आणून ठेवलेली तेजाबाची जुनी बाटली उघडी, आणि छताखाली तांबूस धूर अजून लोंबत होता. मी दार-खिडकी उघडून बाहेर आलो. "तात्या, किती वेळ होता आत?"

"आसंन तासभर. कायबी झालं न्हाई मला. धूर काय नवा हाय व्हय?"

"आवं, तुमीच शिकिवलंय की मला! बरं वाटतंय म्हनून बसायचं न्हाई!"

"ते पोरास्नी."

मिरजेच्या दवाखान्याचं नाव काढलं तसं त्यांनी ओट्याचा खांबच धरला. आईला आम्ही मिरजेला नेलं होतं आणि अँब्युलन्सनंच परत आणलं होतं. "तिथं न्हाई जायाचं मला," एवढंच म्हणत राहिले. तासाभरात त्यांच्या छातीत चहा उकळल्यासारखा आवाज यायला लागला. मग खांब आपोआप सुटला.

अँब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. जत्रेला आपल्या गावात देशभरच्या नंबरप्लेटी दारोदार उभ्या असतात. त्या दिवशी बंगल्यांना नुसती कुलपं. हणमंतनानाकडं मोटरसायकल आणि ट्रॅक्टर. धाप लागलेल्या म्हाताऱ्याला मोटरसायकलवर कसं धरायचं? राहिली माझी लाल सासू.

सेल्वमला फोन लावला. मागं उत्सवाचे ढोल वाजत होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "वंडी निरुत्तादिंग, अण्णा." गाडी थांबवू नका. आणि बंद पडलीच तर डब्याचा उजवा कोपरा जोरात दाबून धरा, आतला सुटलेला सोल्डरचा टाका चिकटेल, मग चावी मारा.

तात्यांना डाव्या सीटवर बसवलं. सीट इतकी खाली की हणमंतनानानं त्यांना पोतं उतरवावं तसं आत सोडलं. मी निघालो. तासगावपर्यंत गाडी पळाली. मी एकदाही ब्रेकवर पूर्ण पाय दिला नाही, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. तात्या टॉवेल तोंडाला लावून बसले होते. टॉवेलावर गुलाबी डाग दिसला. त्यांनी तो घडी घालून लपवला, मी बघितलं नाही असं दाखवलं.

तासगाव ओलांडलं आणि वळणावर रस्ताभर मेंढरं. शंभर असतील नाहीतर पाचशे, मला तर संपतच नव्हती. थांबावं लागलं. डबा तापलेलाच होता. इंजिन गचकन बंद.

चावी मारली. नुसतं खर्र खर्र. पुन्हा मारली. मी डाव्या बाजूला वाकून डबा दाबायला गेलो तर माझा हात पुरेना, आणि हात पुरला की चावी सुटायची. मेंढरांच्या घंटा वाजतायत, तात्यांचा श्वास वाजतोय. मला त्या मेंढरांचा, त्या गाडीचा, स्वतःचा असा संताप आला की मी स्टिअरिंगवर बुक्की मारली. रडायलाही येत होतं. बाप मारला आपण, आपल्या हातानं पाटावर ठेवून मारला, असं वाटलं.

तेवढ्यात तात्यांनी पायातली चप्पल काढली. डावा पाय डब्याच्या कोपऱ्यावर रोवला, सगळं अंग मागं टेकवून.

"दाबलंय," म्हणाले. "मार आता."

मारली. लागली!

एक धनगर खिडकीत वाकला. तात्यांचा चेहरा बघून त्यानं फेट्याचा शेमला तोंडातून काढला. "आरं, म्हातारं निळं पडलंय की! पळ घिऊन!" त्यानं अशी शीळ घातली की कळप मधोमध फाटला.

"तात्या, पाय काढू नका हां."

"काढत न्हाई. तू फुडं बघ."

तिथून मिरजेपर्यंत तो पाय तिथंच होता. तापलेल्या पत्र्यावर, अनवाणी. दवाखान्याच्या दारात इंजिन मी बंद केलं, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले, तरी तात्या पाय उचलेनात. मी खाली बसून हातानं उचलला.

डॉक्टरबाईंनी कसला धूर, किती वेळ, एवढंच विचारलं आणि ऑक्सिजन लावला. पुढचे दोन दिवस कुणी काही सांगेना. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रात्रभर घरी ठेवलं असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. चौथ्या दिवशी मास्क निघाला. तात्यांचं पहिलं वाक्य होतं, "गाडी सावलीत लावलीयास का?"

त्या दिवसांत नुसतं बाकड्यावर बसवेना म्हणून मी गाडीतला डबा काढून मिरजेतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडं नेला. त्यांनी भिंग लावून दुपारभर खपून पाझरलेले भाग बदलले, सुटलेला टाका पक्का केला. डबा बसवला आणि मी मिरजेच्या भर बाजारात गाडी थांबवत, चालवत, थांबवत फिरलो. एकदा बंद पडेल तर शपथ.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, यांना एकटं ठेवू नका. मी परत कोइमतूरचा विषय काढला.  गाडीपाशी आलो तेव्हा तात्या म्हणाले, "ही जाईल का रं तितक्या लांब?"

दुरुस्त झालीय, असं जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "डब्यावर कुणी पाय धरून बसलं तर जाईल."

तात्यांनी जरा विचार केला. "मग काय. यावंच लागंल."

गावात एकच रात्र राहिलो. कुलूप तात्यांनी स्वतः लावलं, दोनदा ओढून बघितलं. तुमच्यापैकी कुणी विचारत होतं ना, आमच्या दारालाही कुलूप कसं आलं, तर ते असं. मला त्याचं वाईट वाटतं. गावात आता अजून एक बंद घर, आणि ते माझ्यामुळं. पाट मात्र तात्यांनी डिकीत घातला. तो इथं दुकानात आहे, तात्या सकाळी त्यावर बसून पेपर वाचतात. भट्टीच्या खोलीत त्यांना पाय ठेवू देत नाही, त्यावरून रोज भांडण होतं.

घर कुठलं, असं इथले लोक विचारतात तेव्हा मी इतकी वर्षं विटा सांगायचो. परवा कुणीतरी विचारलं आणि डोळ्यांपुढं आलं ते येतानाच्या वाटेवरचं. हुबळी मागं पडली होती. उन्हानं तात्यांना डोळा लागला, मान कलली, आणि पाय डब्यावरून घसरून खाली आला. गाडी चालूच होती. चांगली मैलोन्मैल चालली. मग एका गचक्यानं तात्या जागे झाले. त्यांनी पायाकडं बघितलं. इंजिनाचा आवाज ऐकला. माझ्याकडं बघितलं. माझी थाप पकडली गेली होती.

तात्यांनी पाय उचलून पुन्हा डब्यावर ठेवला, नीट रोवला.

"तू फुडं बघ," म्हणाले.