शेगडी पेटवण्याआधी

धुळ्याहून निघालेल्या आमच्या यात्रेच्या बसबरोबर एक आचारी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला महाराज म्हणत. मुक्काम आला की तो डिकीतल्या सिलिंडरची लांब रबरी नळी खाली ठेवलेल्या शेगडीला जोडायचा, सांध्यांवर साबणाचा फेस फासायचा आणि काडीपेटी हातात धरून जवळच्या माणसाला विचारायचा, “भाऊ, वास ई ऱ्हायना का?”

पहिल्या मुक्कामाला मी “नाही येत” म्हणालो. माझ्या मागे आमच्याच बसमधल्या एक अक्का उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “येतोय की!” मी पुन्हा हुंगलं. डिझेलचा वास आला, पिकल्या केळ्यांचा आला, मग गॅसचाही आल्यासारखा वाटला. गळती दाखवणारा एकही बुडबुडा फेसावर फुगला नव्हता, तरी महाराज काडी ओढेना.

“अहो, तुम्हीच हुंगा ना!” मी वैतागलो.

“तापमा मना नाक गयं, भाऊ,” तो हसून म्हणाला. त्या तापापासून त्याला कसलाच वास येत नव्हता.

त्याने नळीची पट्टी आणखी आवळली. अक्कांनी वाकून हुंगलं आणि म्हणाल्या, “आता नाही बुवा.” तेव्हा कुठे शेगडी पेटली.

फोडणी तडतडली तसा तो पुन्हा आमच्याकडे वळला. “आते?”

“लसणाचा,” मी म्हणालो.

“छे, कढीपत्त्याचा!” अक्का म्हणाल्या.

“दोन्ही टाकेल शे,” महाराज खूश होऊन म्हणाला.

फोडणीच्या बाबतीत आम्ही दोघंही खरे ठरलो. त्याआधी गॅसचा वास खरंच येत होता का, ते मला अजून सांगता येत नाही.