सरांचा शंभर नंबर

किस्से जमवावे लागत नाहीत. अलिबागेत कॉम्प्युटर-नेटवर्कची दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या ऑफिसात सहा महिने प्रोबेशनवर राहा, फोन वाजला की दचका, आणि गप्प बसा. आपोआप साचतात. गप्प बसणं महत्त्वाचं, कारण तुम्हाला कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात असतं, किस्से बहुतेक त्यांचेच असतात.

आधी एवढंच समजून घ्या. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, घराला असतो तसा. दोघांना एकच नंबर मिळाला की ती भांडतात: एकाचं काम दुसऱ्याकडे जातं, नाहीतर कोणाचंच होत नाही. वेगवेगळ्या इमारतींत तोच नंबर असला तर काही बिघडत नाही. पण मध्ये ब्रिज टाकला, म्हणजे दोन्हीकडची नेटवर्कं जोडून एक केली, की झालं कल्याण.

आणि आमचे सर पंधरा वर्षं जिथे जातील तिथे पहिल्या यंत्राला शंभर नंबर देतात. कॅमेरा असो, प्रिंटर असो, शंभर. मी नवीन असताना कारण विचारलं होतं.

"लक्षात राहतो," सर म्हणाले.

"कुठे लिहून ठेवत नाही का, सर?"

"लक्षात राहतो तर लिहायचं कशाला?"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एवढं भक्कम लॉजिक मला कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

हा किस्सा मात्र सरांचा नाही. थळच्या मच्छीमार सोसायटीत नेट सारखं जायचं. नंबर वाटायचं काम एकाच राउटरचं असतं; इथे दुसरंच कुठलं तरी यंत्र स्वतःच्या मनाने सगळ्यांना नंबर वाटत होतं, हे मला लॅपटॉपवर दिसत होतं. पण ते होतं कुठे? दोन तास मी टेबलांखाली रांगले. शेवटी भिंतीवरच्या देव्हाऱ्याच्या पडद्यामागे एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. जुना राउटर, वर झेंडूचा हार.

मी हात घातला, तोच मागून आवाज आला, "हात नको लावू, बाय."

मी अशी दचकले की डोकं फळीवर आपटलं आणि देवाची घंटा खाली पडली. मागे चेअरमनकाका उभे होते.

"घरी पडून होता," ते म्हणाले. "म्हटलं इथं लावू, नेटचा जोर वाढंल."

"पण काका, देव्हाऱ्यात?"

"तिथं हाय म्हणून कोणी हात लावत न्हाय. व्हय का न्हाय?"

आता दोन तास मीही तिथे सोडून सगळीकडे हात लावला होता. अर्धा तास विनवण्या केल्यावर त्यांनी वायर काढू दिली. राउटर नाही काढू दिला. "हार आजचा हाय," म्हणाले.

* * *

चौलच्या एका रिसॉर्टने शेजारची वाडी विकत घेतली. दोन्हीकडची यंत्रं आमच्याच सरांनी बसवलेली. जुन्या बाजूला बिलाचा कॉम्प्युटर शंभर, वाडीत कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर शंभर. मग सरांनीच सुपारीच्या शेंड्यांवरून अँटेना लावून ब्रिज टाकला आणि चहा पिऊन परत आले.

दोन महिन्यांनी मला पाठवलं. मॅनेजर अगदी शांत.

"तसं काही नाही, मॅडम. आम्ही जमवलंय. सकाळी दहा ते एक बिलं. मग बिलाचा कॉम्प्युटर बंद करून कॅमेरे चालू."

भिंतीवर वेळापत्रक होतं. लॅमिनेट केलेलं.

"आणि दुपारी कोणी चेक-आउट केलं तर?"

"करू देत नाही."

* * *

नंबर बदलायला मला दहा मिनिटं लागली. मग आलं ते कार्ड. दुरुस्ती झाली की आम्ही ग्राहकाला एक कार्ड भरून देतो. त्यात 'कारण' असा रकाना असतो, आणि आमच्याकडे तो वर्षानुवर्षं एकाच मजकुराने भरला जातो: खारी हवा. समुद्रकाठी राहणारा माणूस खाऱ्या हवेशी वाद घालत नाही. आमचे सीनियर सुहासदादा बारा वर्षं इथे टिकलेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "खरं कारण डोक्यात ठेवायचं. कार्डावर हवा."

मी हवाच लिहिणार होते. पण रिसॉर्टच्या मालकीणबाई चष्मा लावून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हवेने दोन महिने माझी गिऱ्हाइकं अडकली?"

कोणी असं थेट विचारलं की मी घाबरते, आणि घाबरले की खरं बोलते. कार्डावर लिहिलं, 'दोन यंत्रांना एकच नंबर दिल्यामुळे.' कोणी दिला ते लिहिलं नाही, एवढी अक्कल होती.

"दिला कोणी?" बाईंनी विचारलं.

मी वर अँटेनाकडे बघत राहिले.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. "तुला टीममध्ये राहायचंय ना? मग टीमसारखं लिहायला शीक. महिनाअखेरीस तुझं बघू."

बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. कायम झाले नाही तर परत पोयनाड, आणि मामाच्या खताच्या दुकानात काउंटरवर.

* * *

त्याच आठवड्यात मांडव्याच्या एका बंगल्याचे मालक आमच्यावर वैतागून मुंबईहून बोटीने स्वतःचा एक्स्पर्ट घेऊन आले. एक्स्पर्टचं जॅकेटच आमच्या ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा महाग दिसत होतं. त्यांनी सगळं तपासलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "इथली हवा फार खारी आहे."

सुहासदादा माझ्या कानाशी पुटपुटले, "बघ. आपल्याला मुंबईची मान्यता मिळाली."

* * *

महिनाअखेर. सरांनी ट्रेनिंग क्लाससाठी रस्त्यापलीकडच्या इमारतीत मजला भाड्याने घेतला होता आणि मध्ये ब्रिज टाकला होता, स्वतःच्या हाताने. दोन्हीकडे एकाच मॉडेलचे दोन नवे प्रिंटर. नंबर कुठले दिले, हे मी विचारलं नाही.

दुपारी मी क्लासमध्ये एकटी एक्स्टेंशन बोर्ड लावत होते. मागे प्रिंटर खडखडला. हातातला बोर्ड पायावर पडला. एक कागद बाहेर आला. मग तोच परत. मग तिसरा.

वर माझं नाव होतं. आडनावासकट. 'प्रोबेशनच्या काळातील काम समाधानकारक न आढळल्याने आजपासून आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.'

मी बेंचवर बसले. फोन वाजला. सर.

"अगं, इकडच्या प्रिंटरला काय झालंय बघ. तीनदा प्रिंट दिली, एक कागद येत नाही."

"येतोय, सर."

"कुठे येतोय?"

"इकडे. तीन प्रती आल्यात."

समोरच्या खिडकीत सर दिसत होते, एक हात त्यांच्या प्रिंटरवर ठेवून उभे.

"वाचलंस?"

"हो, सर."

"हं. मग आता ये आणि हा सुरू करून दे. उद्या सकाळी ॲडमिशनचे फॉर्म काढायचेत."

मी कागद पुन्हा एकदा पाहिला. "सर, कागदावर आजची तारीख आहे. म्हणजे मी आता कामावर नाही."

सरांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"उद्याची टाकतो," ते म्हणाले. "तू ये."