काईल उतरायची वेळ

थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. कराडच्या खाली कृष्णाकाठी आमचा ऊस, आणि दादा गुळव्या. गुऱ्हाळावर रसाची काईल, ती भली मोठी कढई, चुलवाणावरनं कधी उतरायची ते गुळव्या सांगतो, दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही. दादा गार पाण्यात हात बुडवून तोच हात उकळत्या पाकात घालायचा, चिमटीत पाक घेऊन गोळी वळायचा, काइलीच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा आणि ओरडायचा, "उतरा!" मग सगळ्यांनी धावायचं. लवकर उतरली तर गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही. उशीर झाला तर करपतो.

एकदा तो तापानं पडला तेव्हा मी उतरवली. आख्खी काईल चिकट झाली. दादा म्हणाला, "तुझ्या बोटास्नी कान न्हाईत रं." त्या बोलण्याचा राग मी लय वर्षं धरला.

मोठा दुष्काळ सरला आणि दादाचं विसरणं सुरू झालं. पाण्यात हात बुडवायचा आणि तसाच उभा राहायचा. "आता काय करायचं व्हतं?" गडी हसायचे. हसणाऱ्या एकाच्या मी कानफटात दिली. मग घरचं माणूसही ओळखेना. वहिनीला म्हणायचा, "बाई, तुमी कुणाच्या?" ती म्हणायची, "तुमचीच की." "हळू बोला, आमची मालकीण लय खट हाय." वहिनी हसायची आणि मग बराच वेळ चुलीकडं तोंड करून बसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. जे काय ठरवायचं ते माझ्यावर आलं.

पुढं तो गिळायचं विसरला. घास गालात धरून बसायचा, पाण्याचा ठसका लागायचा. मी मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं काढलं.

"भावजी, नगा नेऊ," वहिनी म्हणाली. "जे व्हईल ते घरात व्हऊ द्या."

"गाव काय म्हणंल वयनी? भावानं भावाला उपाशी मारला म्हणंल."

डॉक्टर वयानं कोवळा होता, पण बोलायला सरळ. म्हणाला, "नाकातून नळी घालून पेज देता येईल. पोट भरेल. माणूस मात्र परत येणार नाही." मी पोट भरेल एवढंच ऐकलं. नर्सबाईनं कागद आणला. "वाचून दाखवू का, आजोबा?"

"मला येतं वाचाय."

मी तिसरी शिकलेला, जोडाक्षर आलं की अडतो. पण आंगठा कधी लावला नाही, सही करतो. मोठी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दादाचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. त्यानं दोनदा नळी उपसली होती. मी तणतणलो, तर नर्सबाई म्हणाली, "कागदात लिहिलं होतं आजोबा. सही तुमचीच आहे."

बांधलेल्या हाताची बोटं तो दिवसभर एकमेकांवर घासायचा आणि पुटपुटायचा, "उतरा... उतरा." मला वाटलं, खाटेवरनं खाली घ्या म्हणतोय. "पड गप, दादा," मी म्हणायचो. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वहिनी आली. त्याच्या बोटांकडं बघत बसली.

"भावजी, ह्येनी गोळी वळत्यात. पाक आला म्हणत्यात. काईल उतरा म्हणत्यात."

"त्याला काय कळतंय आता?"

"त्येवढंच तर कळत व्हतं जलमभर."

व्हरांड्यात आमचं वाजलं. मी म्हणालो, "कटाळला व्हय वयनी नवऱ्याला?" बोलू नये ते बोललो.

"व्हय, कटाळले," ती म्हणाली. "आन् तुमाला गावाचं भ्या हाय. पन हात ह्येंचं बांधल्यात."

मी बाहेर जाऊन बिडी ओढली. परत आलो आणि डॉक्टरला म्हणालो, नळी काढा. तो म्हणाला, "काढली तर फार दिवस नाहीत. घेतलं तर चमच्यानं पाणी द्या. नाही घेतलं तर जबरदस्ती नको, तोंड ओलं ठेवा." पुन्हा कागद आला. या खेपेला मी म्हणालो, "वाच बाई." तिनं वाचलं. परिणामांची कल्पना दिली आहे, असं काहीतरी होतं. "परिणाम म्हंजे?" तिनं मान खाली घातली. "म्हणजे ते जातील, आजोबा." वहिनीनं आंगठा लावला. त्याच्याखाली मी सही केली.

घरी आल्यावर हात मोकळे झाले, पण दादा "उतरा" म्हणाला नाही. मी वाट बघत होतो. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. कापसाच्या बोळ्यानं आम्ही ओठ भिजवायचो. एकदा बोटाला काकवी लावून त्याच्या जिभेवर टेकवली. जीभ हलली असं मला वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी घरघर लागली. माणसं जमली. आमच्यात जीव खाटेवर जाऊ देत नाहीत, भुईवर घेतात. "उतरा, उतरा लवकर," जो तो म्हणायला लागला. वहिनी माझ्याकडं बघत होती. मी त्याच्या काखेत हात घातले आणि म्हणालो, "उतरा."

भुईवर घेतल्यावर दादा तीन दिवस जगला.

घरघर थांबली, श्वास सरळ झाला. माणसं पांगली. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "घाई झाली गड्या." एकदा खाली घेतलेल्याला परत खाटेवर घेत नाहीत. वहिनीनं त्याच्याखाली आपली वाकळ सारली. भुई गार होती. मी तीन दिवस तिथंच बसलो, त्याचा हात धरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शेरडाची धार काढायला गेली होती. परत आली, उंबऱ्यातनंच तिनं बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

"गेलं ह्येनी, भावजी. सोडा हात आता."

हात माझ्याच हातात होता. मला कळलं नव्हतं.