काळी पिशवी

आमच्या घरात चिकन या शब्दाचे दोन अर्थ होते. एक कोंबडीचं मटण. ते उघडपणे शिजायचं, शेजारी वाटीभर पाठवलं जायचं. दुसरं डुकराचं. ते चुलीवर असताना आई खिडक्या लावून घ्यायची, उदबत्त्या पेटवायची, आणि भिंतीपलीकडून काकूंनी "आज काय बेत?" विचारलं की शांतपणे सांगायची, "चिकन."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तालुक्याच्या गावी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आम्ही बौद्ध आहोत हे घरमालकाला माहीत होतं, आणि तरीही खोल्या देऊन आपण केवढे मोठ्या मनाचे ठरलो, हे तो येताजाता ऐकवायचा. डुकराचं कळलं असतं तर ते मोठं मन दुसऱ्या दिवशी आमचं सामान रस्त्यावर काढून मोकळं झालं असतं. म्हणून रविवारी बाबा सायकलवर गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि मटण काळ्या पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून घरी आणायचे. आता एवढी मेथी निवडणार कोण, म्हणून आईची चिडचिड व्हायची.

हे सगळं मी विसरले होते असं मुळीच नाही. मी काही विसरत नाही, आणि माफही फारशी करत नाही. पण सिंगापूरला, बेडोकमध्ये राहायला आल्यावर त्या काळ्या पिशवीची रोज आठवण यायची थांबली होती. बाबा मला भेटायला इथं आले, आणि मी त्यांना घराजवळच्या त्या हॉटेलात घेऊन गेले, तेव्हा ती परत आली.

हॉटेल साधंच. चार-सहा टेबलं, गरम नूडल्स, आणि दर्शनी काचेमागे आकड्यांना टांगलेलं भाजलेलं डुकराचं मांस. एका बाजूला मधाच्या पाकात लाल झालेल्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला कुरकुरीत सालीचे जाड तुकडे. वर पिवळा दिवा. बाबा आत येईनात. काचेसमोर हात मागे बांधून उभेच राहिले.

"दिवा लावून ठेवलंय गं," ते म्हणाले.

मग त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई गुडघ्यामुळे आली नव्हती. बाबांनी फोन काचेला जवळजवळ चिकटवला आणि भर रस्त्यात ओरडले, "बघ! दिवा लावून ठेवलंय!" तिकडून आई घाईघाईनं म्हणाली, "अहो, हळू बोला. शेजारी ऐकतील."

आम्ही दोघं खूप हसलो. नंतर मला त्याच हसण्याचा राग आला. हा सगळा प्रकार इतका काही हसण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी बाबांना दुसरी एक गोष्ट फार आवडली. एका माणसानं घरी न्यायला मटण घेतलं, तर काउंटरवरच्या आंटीनं ते पारदर्शक पिशवीत घालून दिलं, आणि तो माणूस ती पिशवी बोटाला अडकवून रमतगमत निघून गेला. बाबा त्याच्या पाठीकडं बघत राहिले. "असंच नेतात? उघडं?" मी म्हटलं, असंच नेतात. त्यानंतर महिनाभर दर रविवारी आम्ही तिथं गेलो. बाबा मुद्दाम रस्त्याकडेचं टेबल धरायचे, चमच्यानं नूडल्स ओरपायचे आणि कुरकुरीत साल असलेले तुकडे शेवटी खायला बाजूला काढून ठेवायचे. माझ्या बापानं चारचौघांत, तोंड वर करून आपलं जेवण जेवावं, एवढंच मला त्यांच्या त्या मुक्कामातून हवं होतं. बागा आणि उंच इमारती मी त्यांना दाखवल्या, पण त्यातलं काही मला महत्त्वाचं वाटत नव्हतं.

शेवटच्या रविवारी ते तेही करू शकले नाहीत.

आमचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. रात्रीसाठी अर्धा किलो बांधून द्यायलाही आंटीला सांगून झालं होतं. तेवढ्यात दारातून मराठी ऐकू आलं. माझ्याच ऑफिसातले, माझ्या वरच्या हुद्द्यावरचे एक गृहस्थ सपत्नीक आत आले. मूळचे पुण्याचे, राहणार मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत. बेटावर कुठं काय चांगलं खायला मिळतं हे फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची समजूत आहे, आणि ऑफिसच्या ग्रुपवर ते आम्हाला रोज शिकवत असतात. या गृहस्थांसाठी आदरार्थी बहुवचन मी इथपर्यंतच वापरणार आहे.

दुसरं टेबल रिकामं नव्हतं. तो आमच्याच टेबलावर बसला, बायको शेजारी. मी बाबांची ओळख करून दिली. "माझे साहेब," असं मी म्हणाले, तिथंच चुकलं. साहेब हा शब्द ऐकताच बाबांची पाठ ताठ झाली.

"वा, काका! मूळ गाव कुठलं?" त्यानं विचारलं. बाबांनी सांगितलं. पुढचा प्रश्न आडनावाचा येणार हे मला ठाऊक होतं, पण त्याचं लक्ष ताटलीकडं गेलं. "आणि हे काय घेतलंय तुम्ही?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग ताटलीकडं. आणि आई सांगायची तसंच, शांतपणे म्हणाले, "चिकन."

कुठं तो तालुक्याचा गाव, कुठं हे बेडोक, आणि माझा सत्तरी ओलांडलेला बाप माझ्या नोकरीपायी पुन्हा त्याच भिंतीआड जाऊन बसला.

त्या शहाण्यानं चॉपस्टिकनं एक तुकडा उचलून बघितला आणि तो किंचाळलाच. "अहो काका, चिकन कुठलं? हे पोर्क आहे! डुक्कर!" मग माझ्याकडं वळून, "अगं, तू त्यांना सांगितलं नाहीस? काय हा निष्काळजीपणा! वयस्कर माणूस आहे, काहीतरी विचार!"

बाबांना अजाणता बाटवल्याबद्दल तो मला झापत होता. त्याची बायको अगदी मायेनं म्हणाली, "काका, हवं तर चूळ भरून या ना. नकळत घडलं, त्याला काही दोष नाही."

आणि मग त्यानं बाबांसमोरची ताटली उचलली आणि स्वतःसमोर ठेवली. बाबांच्या भल्यासाठी! "तुमच्यासाठी चिकन राइस मागवतो," म्हणाला. "आमचं काय, आम्हाला आता सवय झालीये. हे क्रॅकलिंग आहे ना, हीच खरी गंमत." बाबांनी शेवटी खायला बाजूला काढलेला सालीचा तुकडा त्यानं तोंडात टाकला. कुरूम असा आवाज आला. "आणि इथलं फार्मचं असतं हो, स्वच्छ. आपल्याकडची डुकरं वेगळी. ती खाणारी माणसंही वेगळी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली बाबांच्या चपलेनं माझा पाय दाबला. घरमालक भाडं न्यायला यायचा तेव्हा असाच दाबायचे. दात इतके आवळले की कानशिलं दुखायला लागली. समोर तो खातच होता. दुसरा तुकडा. तिसरा. सोबत सालीला फोड कशी आणतात यावर प्रवचन.

काउंटरवरून आंटीनं हाक मारली, आमचं पार्सल तयार होतं. बाबा चटकन उठले. मीही त्यांच्या मागोमाग उठले. आंटीनं डबा भरून पारदर्शक पिशवी पुढं सरकवली. डबाही पारदर्शकच, आतले तुकडे स्पष्ट दिसत होते. बाबांनी हात पुढं केलाच नाही. टेबलाकडं पाठ करून ते हळूच म्हणाले,

"काळी पिशवी आहे का, विचार तिला."

मला तिथं त्या काचेवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. महिनाभर रस्त्याकडेला बसून, तोंड वर करून जेवलेला माणूस होता तो. एका ताटलीनं त्याला परत त्या सायकलवर बसवलं होतं.

तरी मी विचारलं. आमच्या मागे रांग लागलेली, तिला असल्या फालतू मागण्यांना वेळ नव्हता. "ब्लॅक वन? नो लाह. ब्लॅक वन फॉर रबिश!"

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

मी मुद्दाम गोड करून सांगितलं नाही. जसंच्या तसं सांगितलं. "ती म्हणते, काळी पिशवी कचऱ्याची असते."

बाबा काही वेळ त्या डब्याकडं बघत राहिले. मागच्या माणसानं घसा खाकरला. मग त्यांनी पिशवी घेतली, बोटाला अडकवली आणि वळले. दाराकडं जायला आमच्याच टेबलावरून वाट होती.

"काका, अहो बसा ना, चिकन राइस येतोय!" तो म्हणाला. "आणि पार्सल कसलं? या वेळी बघून घेतलंत ना?"

बाबा थांबले. त्यांचा आवाज वर्कशॉपमध्ये इंजिनावर चढवून बोलायचे तसा निघाला.

"डुकराचं मटण आहे," ते म्हणाले. "मघाशी खोटं बोललो. तुम्ही म्हणालात ना, ते खाणारी माणसं वेगळी? ती आम्ही."

बायकोनं मान खाली घातली. त्यानं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मग त्याचं चावणं थांबलं. बाबांच्या ताटलीतला शेवटचा तुकडा त्याच्या तोंडात होता. तो गिळेपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.