तळ्यात रुतलेली म्हैस

मित्रांनो, आज सकाळी निघालतो सिरसाळ्याला, तोंड धुवायला तळ्यावर थांबलो आन् तिथंच अडकलो.

पाणी लई आत सरकलंय. प्यायला गेलेली बाबूमामांची म्हैस पोटापर्यंत गाळात रुतली होती. आमी चौघांनी दोर लावून ओढलं, पण ती हलंना.

आटलेल्या तळ्यात हरभरा पेरणाऱ्या दत्तावर मामा भडकले, "नदी तळ्यात येती तिथंच नांगर घालतोस बे! पूर आला की ती सगळी माती तळ्यातच बसती!"

दत्ता म्हणला, "मामा, पलीकडचा हरभरा तुमचाच हाय की."

मामा दोर धरून खालीच बसले.

म्हैस अजून तिथंच हाय. जेसीबीवाला फोन उचलंना.

आमच्या घरची पेरणी पण त्याच गाळात हाय. खरं सांगा, पहिला नांगर कोण मागं घेणार?