दोन ते चार
सदाशिव पेठेतल्या त्या काकू नसत्या, तर मी चिडूनच घर सोडलं असं माय अजून समजत राहिली असती. कटरखालच्या ओल्या फरशीचा वास आला की त्या आठवतात. नववीत शाळा सोडून मी भंडाऱ्याकडून पुण्यात फरशीकामाला आलो होतो. कटरने कान इतके वाजायचे, की दुपारी जिन्यात बसून फोनवर मी ओरडूनच बोलायचो आणि माय विचारायची, "रागावला काय रे बापू?" एकदा कामाच्या शेजारच्या घरातल्या त्या काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. आता काम जाणार, असं वाटलं. "अहो, कटर थांबला की तुमचं भांडण सुरू! ते घरी जाऊन का नाही करत?" "भांडत नाही जी, माय आहे. मला ऐकूच येत नाही." काकू वळून मुकादमाला म्हणाल्या, "दोन ते चार कटर बंद. आणि हे आमच्याकडे बसून बोलतील." त्यांनी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या. फोनमध्ये अंगणातल्या कोंबड्या ऐकू आल्या, मायचा श्वासही. "रागावलो नाही वं," मी हळूच म्हणालो. हल्ली मी वाघोलीला असतो. काकूंच्या गॅलरीतली एक फरशी पाय पडला की खडखडायची. ती मी एक दिवस नक्की बसवून देणार, चार वाजून गेल्यावर.